अकरा सेकंदांचा पुरावा

रस्त्यात कुणाच्या टी-शर्टवर जुन्या इंग्रजी बँडचं चित्र दिसलं की ओव्हाळसाहेब त्या माणसाला थांबवतात आणि त्याची तोंडी परीक्षा घेतात. माणूस चालत असला तर वाटेत उभे राहतात, गाडीवर असला तर सिग्नलला गाठतात. एकदा सदाशिव पेठेत एक मुलगी लाल दिव्याला स्कूटर लावून उभी होती. पाठीवर चार केसाळ माणसांचं काळंपांढरं चित्र. ओव्हाळसाहेब पुढे झाले आणि अदबीने म्हणाले, "आपल्या पाठीवरचे डावीकडून तिसरे कोण, सांगू शकाल?"

मुलगी म्हणाली, तिला काही माहीत नाही, सेलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून घेतला.

"अहो, भाडेकरू ठेवतानासुद्धा आपण चौकशी करतो. तुम्ही चौघांना घेऊन फिरताय."

दुसरी कुणी असती तर निघून गेली असती. हिने विचारलं, मग कोण आहेत ते? झालं. साहेबांनी त्या तिसऱ्याच्या आजोळापासून सुरुवात केली. दिवा हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, मागच्या रिक्षावाल्याने आमच्या तिघांच्याही घरच्यांची आठवण काढली. तिसऱ्या हिरव्या दिव्याला ती गेली. साहेब तिच्या पाठीकडे, म्हणजे त्या चौघांकडे, बघत म्हणाले, "जिज्ञासा आहे. वेळ कमी देते."

मी शेजारीच उभा होतो आणि नेहमीप्रमाणे काही बोललो नव्हतो. न बोलणं ही माझी जुनी सवय. हा मजकूर खरं तर त्या सवयीबद्दल आहे. पण ओव्हाळसाहेब कोण हे कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही. म्हणून आधी ते.

आम्ही दोघे एका सरकारी दप्तरखान्यात नोकरीला. म्हणजे मी अजून आहे, पुढच्या वर्षी सुटेन. ते आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचे कागद तिथे जाड कापडात बांधून ठेवलेले असतात. त्या कापडी गठ्ठ्याला आमच्याकडे रुमाल म्हणतात. दिनकर ओव्हाळ हे मोडी लिपी वाचणारे. पुण्यात मोडी वाचणारे पुष्कळ आहेत, पण वाळवीने खाल्लेल्या जागी काय होतं हेही वाचणारे हे एकटेच. मी मोमीन, फाटक्या कागदांना खळ आणि टिश्यू लावून जोडणारा. माझे वडील बुधवार पेठेत पुस्तकं बांधायचे, मी कागद जोडतो. आमच्या घराण्याने कागदावर स्वतःचं असं कधी काही लिहिलं नाही. मी एकदा लिहिलं, त्याचीच ही गोष्ट.

दप्तरखान्यात माणसाने काहीही सांगितलं की समोरचा विचारतो, कागद कुठला? तुमच्या पूर्वजांनी लढाई मारली असेल, पण कागद कुठला? त्या काळातलं, त्या माणसाच्या हातचं पत्र असेल तर तो अस्सल पुरावा. मागाहून कुणी ऐकीव गोष्टी रंगवून लिहिल्या असतील तर ती बखर. बखर वाचायला गोड, पण कोर्टात चालत नाही. ओव्हाळसाहेबांनी हा सगळा कायदा उचलून परदेशी गाण्यांना लावला होता.

उदाहरणार्थ, एक गाणं आहे, जगभरचे लोक त्याला मोक्षाची आर्त हाक समजतात. गाणारा सात मिनिटं 'ये, आता तरी ये' म्हणत राहतो. ओव्हाळसाहेबांचं म्हणणं, तो नळ दुरुस्त करणाऱ्याची वाट बघत होता. घरात घोट्यापर्यंत पाणी होतं. याला पुरावा अस्सल: गायकाच्या धाकट्या भावाचं पत्र एका मासिकात छापून आलेलं, त्याचं कात्रण लाल रुमालात. दुसरं एक गाणं खोकल्याने सुरू होतं. त्या खोकल्यावर लोकांनी प्रबंध लिहिलेत, तो व्यवस्थेविरुद्धचा खोकला आहे वगैरे. साहेब म्हणत, ऑर्गनवाल्याला दमा होता. पुन्हा घ्यायचं म्हटलं तर स्टुडिओचं भाडं वाढत होतं. तिसरा एक बँड चहाची किटली कुणी जाळली यावरून फुटला, असं सगळीकडे छापलेलं आहे. ही गोष्ट साहेब अगदी मिटक्या मारत सांगायचे आणि शेवटी बोट वर करून म्हणायचे, "ही मात्र बखर. किटली कुणी पाहिलेली नाही."

या मंडळींची नावं मी लिहीत नाही. मला ती धड येत नाहीत, आणि चुकलो तर साहेब सोडणार नाहीत. तेही कुणाचं नाव घेत नसत. डाव्या हाताने वाजवणारा तो 'डावरे', कायम उशिरा येणारा तो 'उशिरे', आणि दोघे भाऊ एका बँडमध्ये असले तर 'थोरली पाती' आणि 'धाकटी पाती'. ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्याच खात्यातल्या कारकुनांविषयी चाललंय. त्यातले एक डावरे वारले तेव्हा साहेबांनी किरकोळ रजा टाकली. कारण लिहिलं, 'निकटच्या व्यक्तीचे निधन'. वरिष्ठांनी बोलावून विचारलं, नातं काय होतं? साहेब म्हणाले, "एकतर्फी."

याच वरिष्ठांनी एकदा चहाच्या वेळी, सहज म्हणून, विचारलं होतं की ओव्हाळ, तुमच्याकडे हे इंग्रजी गाण्यांचं वेड कसं काय? त्यातला 'तुमच्याकडे' खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आला. सगळ्यांनी कपात बघितलं. मीही. ओव्हाळसाहेबांनी बिस्किट बुडवलं, खाल्लं, आणि म्हणाले, "आमच्याकडे वीज आहे, साहेब."

लग्न त्यांनी केलं नाही. एकदा मुलगी बघायला गेले होते, तिथे मुलीचा भाऊ हौसेने गिटार वाजवून दाखवत होता. साहेबांनी पोह्यांची बशी खाली ठेवून त्याला सांगितलं की तुम्ही हे ज्यांचं वाजवताय त्यांची त्या दिवशी एक तार तुटलेली होती, म्हणून ते तसं वाजवत. तुमच्या सगळ्या शाबूत आहेत, तुम्हाला काय अडचण आहे? पोहे चांगले होते असं ते अजून सांगतात.

येरवड्याला त्यांचं घर. वडिलांच्या दोन खोल्या होत्या, त्यावर त्यांनी एक मजला चढवला. त्या वरच्या खोलीत भिंतभर रुमाल. लाल रुमालात अस्सल, पिवळ्यात ऐकीव पण शक्य, पांढऱ्यात बखरी. आतल्या टिपणांची लिपी मोडी. मी विचारलं होतं, इंग्रजी गाण्यांची टिपणं मोडीत कशाला? तर म्हणाले, मोडी लिहिताना हात उचलावा लागत नाही, त्यामुळे गाणं चालू असताना आवाज न करता लिहिता येतं. ऐकायचे नियम कडक होते. आधी गोष्ट, मग तिचा दर्जा, मग रेकॉर्ड. गाण्यात कुणी बोलायचं नाही, खोकायचंही नाही. "खोकला रेकॉर्डवर आहे तेवढा पुरे."

रविवारी दुपारी मी तिथे जाऊन बसायचो. मला त्या गाण्यांतलं फारसं काही कळत नसे. पण जिथे कुणी तुम्हाला बोला म्हणत नाही अशा जागा फार नसतात.

आता ती गोष्ट.

साहेबांची निवृत्ती सहा महिन्यांवर आली होती. एके दिवशी माझ्या टेबलावरून त्यांच्याकडे एक अर्ज वाचायला गेला. कुण्या विधवेने सरकारकडे आपल्या शेताच्या तुकड्यासाठी केलेला, दोनशे वर्षांपूर्वीचा. जुन्या काळी लिहिता न येणारी बाई सहीच्या जागी बांगडीचं चित्र काढायची. त्याला बांगडीची निशाणी म्हणतात. साहेबांनी हजारो अशा निशाण्या पाहिल्या असतील. त्या दिवशी मात्र ते त्या कागदावर बराच वेळ थांबले. मग चहाला आल्यावर, कुणी विचारलेलं नसताना, स्वतःच्या आईविषयी बोलायला लागले. पंचवीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून आई हा शब्द ऐकला नव्हता.

आई, सोनाबाई, नदीपलीकडच्या एका बंगल्यात धुणंभांडी करायची. तिथे परदेशी पोरं भाड्याने राहत. त्यांच्यात एक झिपऱ्या होता, त्याच्याकडे टेपरेकॉर्डर होता. तो व्हरांड्यात बसून कावळे टेप करायचा, पाण्याचा पंप टेप करायचा, रॉकेलवाल्याची आरोळी टेप करायचा. आई घरी येऊन विचारायची, त्याच्या गावाला आवाज नाहीत का रे? आईला कपडे पिळताना गुणगुणायची सवय. शब्द नाहीत, नुसता सूर, आणि तो शेवटी थोडा वर जाऊन तुटायचा, कारण तेव्हा ती कपडा झटकायची. साहेब दहावीत असताना ती गेली. दोन वर्षांनी ते बुधवार पेठेत घरचा रेडिओ दुरुस्तीला घेऊन आले होते. शेजारच्या दुकानात कुणी स्पीकर तपासायला एक इंग्रजी रेकॉर्ड लावली. गिटार सुरू व्हायच्या आधी अकरा सेकंद एक बाई गुणगुणते. शेवटी सूर वर जातो आणि तुटतो.

"रेडिओ तिथेच राहिला," साहेब म्हणाले. "घरी गेल्यावर आठवलं."

त्या रेकॉर्डच्या पाकिटावर सगळ्यांची नावं होती, ढोलकीवाल्याच्या कुत्र्याचंसुद्धा. या बाईचं नव्हतं. तेव्हापासून ते मासिकं धुंडाळत होते, मुलाखती कापून ठेवत होते, परदेशी पत्रं टाकत होते. चाळीस वर्षं जगातल्या प्रत्येक गाण्याची गोष्ट त्यांनी जमवली, ती या एका गाण्याची सापडावी म्हणून. बाकीच्या वाटेत सापडल्या.

खोलीत सहा-सात माणसं होती. कुणाला काय बोलावं कळेना. अशा वेळी मी गप्प बसतो, ते माझं काम आहे. त्या दिवशी नेमकं मला बोलावंसं वाटलं. वातावरण हलकं करावं म्हणून असेल. मी म्हणालो, "कागद कुठला, साहेब?"

सगळे हसले. त्यांचंच वाक्य त्यांच्यावर उलटलं म्हणून मोठ्याने हसले. साहेबही हसले. मग त्यांनी कप विसळला, उलटा ठेवला आणि म्हणाले, "बरोबर आहे. बखर."

पुढचे सहा महिने ते आईबद्दल बोलले नाहीत. गाण्यांबद्दल बोलायचे, पूर्वीसारखंच, पण माझ्याकडे बघून नाही.

सॉरी म्हणता आलं असतं. तेवढं एक वाक्य माझ्याने झालं नाही. त्याऐवजी मी जे केलं ते करायला तीन महिने लागले, यावरून माझा स्वभाव लक्षात यावा. जुन्या बाजारात बुधवार-रविवार फिरून मी तीच रेकॉर्ड मिळवली, निळ्या दाराचं चित्र असलेली. जिल्द बांधताना उरलेल्या कागदांत एक जुनं कोरं पान होतं. कोरं असलं तरी सरकारी; हाही गुन्हा मांडून ठेवतो. निकामी ठरवून कोपऱ्यात टाकलेलं एक इंग्रजी टंकलेखन यंत्र आमच्या कचेरीत होतं. सगळे गेल्यावर एका शनिवारी दुपारी मी त्यावर पत्र टंकलं. त्या झिपऱ्याने रेकॉर्ड कंपनीला लिहिलेलं, जणू ती अकरा सेकंदांची टेप त्यानेच दिली होती. माझं इंग्रजी खात्यातल्या पत्रव्यवहारावर पोसलेलं. त्यामुळे पत्राचा मराठी अर्थ साधारण असा होत होता:

'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर गाण्याच्या आरंभी गुणगुणणारी महिला ही श्रीमती सोनाबाई दगडू ओव्हाळ, राहणार येरवडा, पुणे सहा, ही असून तिचे नाव अनवधानाने छापावयाचे राहून गेले आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. प्रत माहितीस्तव सादर.'

खाली मी एक सही केली, कुणाला वाचता येणार नाही अशी. पत्राची चौघडी करून रेकॉर्डच्या आतल्या पाकिटात सरकवली आणि निरोप समारंभात भेट म्हणून दिली. साहेबांनी निळं दार बघितलं, माझ्याकडे बघितलं. सहा महिन्यांनी पहिल्यांदा. म्हणाले, "माझ्याकडे एक आहे, पण तिच्यावर चरे पडलेत." एवढंच.

मग आठ वर्षं काही नाही.

पत्र सापडलं की नाही तेच मला कळेना. दर रविवारी मी जातच होतो. डावऱ्यांच्या गोष्टी, उशिऱ्यांच्या गोष्टी, चहा. निळं दार कपाटात दिसायचं. ते कधी बाहेर निघालं नाही. कधी वाटायचं सापडलंच नाही, सुटलो. कधी वाटायचं सापडलं आणि खरं वाटलं, आणि हा माणूस वरच्या खोलीत त्या कागदावर विश्वास ठेवून बसला आहे. ज्याने आयुष्यात एक टिपण पुराव्याशिवाय लाल रुमालात ठेवलं नाही, त्याच्या लाल रुमालात मी घाण केली आहे. सांगायचं तर आठ वर्षांत चारशे रविवार होते. प्रत्येक रविवारी मला वाटे, आज नको, आज ते खुशीत आहेत. किंवा आज नको, आज त्यांचा गुडघा दुखतोय.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. जुनी गाणी ऐकणाऱ्या मंडळींचा एक गट आहे, त्यांनी सदाशिव पेठेतल्या एका क्लासच्या खोलीत रविवारी सकाळी साहेबांचं भाषण ठेवलं होतं. गाण्यांमागच्या गोष्टी. साहेब म्हणाले, "या, मोमीनभाई. आईची गोष्ट सांगणार आहे." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "कागद बरोबर घेतोय."

त्या आठवड्यात मी तीनदा येरवड्याला गेलो. पहिल्यांदा त्यांच्या पिवळ्या रुमालाची शिवण उसवली होती, ती घालून दिली. दुसऱ्यांदा रेकॉर्डची चार पाकिटं चिकटवून दिली. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "आता या घरात फाटकं काही उरलेलं नाही. काही काम होतं का?" मी म्हणालो, नाही, इकडून चाललो होतो. येरवड्याकडून कुठे चाललो होतो ते त्यांनी विचारलं नाही.

कागद बाहेर काढला की काय होणार हे मला दिसत होतं. समोर सगळी फोनवाली मंडळी बसणार. कुणीतरी फोटो काढणार, कुणीतरी इंग्रजी वाचणार, कुणीतरी हसणार. चाळीस वर्षांची त्यांची पत एका सकाळी जाणार आणि तिच्याबरोबर त्या बाईचंही हसू होणार, जिने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

रविवारी तीसेक माणसं होती. फळ्यावर आदल्या दिवशीची वर्तुळं आणि स्पर्शिका तशाच. साहेब इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. नळवाल्याची गोष्ट झाली, लोक हसून लोळले. खोकला झाला, किटली झाली, तिचा दर्जा सांगून झाला. मग त्यांनी निळं दार टेबलावर उभं केलं आणि आईची गोष्ट सांगितली. आठ वर्षांपूर्वी सांगितली होती तशीच, एक शब्द कमी-जास्त नाही. या वेळी कुणी कपात बघत नव्हतं.

गोष्ट संपल्यावर दुसऱ्या बाकावरच्या एका चष्मेवाल्या बाईंनी हात वर केला. खोचक नव्हत्या, खरंच त्यांना हवं होतं. म्हणाल्या, "सर, याला काही पुरावा मिळाला का हो?"

साहेबांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला.

मी उभा राहिलो. बाक मागे सरकून करकरला, सगळ्यांनी वळून पाहिलं. इतकी माणसं माझ्याकडे एकदम बघतायत असं माझ्या लग्नातही झालं नव्हतं. मी म्हणालो, "तो कागद..." आणि पुढचं येईना. "साहेब, तो कागद मी..."

"खाली बसा, मोमीनभाई," ओव्हाळसाहेब म्हणाले. "गाणं लावायचंय."

खिशातून त्यांनी रुमाल काढला. नाक पुसायचा साधा रुमाल. चष्मा पुसला, डोळ्यावर चढवला आणि बाईंना म्हणाले, "नाही. पुरावा नाही. बखर म्हणून ऐका."

सुई ठेवली. अकरा सेकंद एक बाई गुणगुणली, सूर वर जाऊन तुटला. गिटार वाजायच्या आत त्यांनी सुई उचलली. कुणी खोकलं नाही.

भाषणानंतर आम्ही खालच्या अमृततुल्यात गेलो. मी सगळं सांगितलं. जुना बाजार, कोरं पान, शनिवारची दुपार, सगळं, आठ वर्षांचं एका दमात. माझा चहा गार झाला. त्यांनी आपला संपवला, माझाही ओढून घेतला.

"कधी कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"निरोपाच्या दिवशी, घरी गेल्यावर. पत्र सापडायला दोन मिनिटं लागली आणि तुम्ही सापडायला तीन." मग त्यांना राहवेना, त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. "अहो, केस खांद्यापर्यंत, पायात चप्पल नाही, दुपारी दोनला उठणारा मनुष्य. तो लिहितो, उपरोक्त विषयास अनुसरून! आणि खाली, प्रत माहितीस्तव सादर. कुणाला सादर? कावळ्यांना?"

मला हसू आलं, आणि त्याची लाजही वाटली.

"यंत्रही आपलं. त्याचा एस अर्धी ओळ वर चढतो, वीस वर्षं मी तोच सहन केला. पण ते सोडा. तुमची खरी चूक कागदाची. कागद उजेडाला धरला तर आत कारखान्याची छाप आहे, दीडशे वर्षांपूर्वीची. झिपऱ्याच्या पणजोबाच्या वेळचा कागद. दुसऱ्या कुणी खोटं केलं असतं तर वहीचं पान फाडलं असतं. तुम्हाला हलका कागद हातात धरवेना."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो. खळ वाळेपर्यंत ओढू नये, हे तुम्हीच शिकवलंय आम्हाला."

मी म्हणालो, फाडून टाका तो, माझ्यासमोर फाडा. त्यांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, माहिती सांगतानाचा.

"माझ्या शाळेच्या दाखल्यात आईच्या नावाचा रकाना नव्हता तेव्हा. रेशनकार्डावर लिहिलंय, पत्नी. फोटो नाही. मृत्यूची नोंद शोधायला गेलो, तर नाव सोनूबाई आणि वय अंदाजे. अर्ज नाही, सही नाही, बांगडी नाही. सोनाबाई दगडू ओव्हाळ, असं पूर्ण नाव पत्त्यासकट लिहिलेला कागद जगात एकच आहे, मोमीनभाई. तो खोटा आहे, हे मला ठाऊक आहे. पांढऱ्या रुमालातच ठेवलाय." कप बाजूला सारत म्हणाले, "काढतो अधूनमधून."

मग त्यांनी रेकॉर्डच्या पाकिटातून तो काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "घडीवर चिरलाय. तेवढं अस्तर लावून द्या."

घरी आणून मी तो टेबलावर पसरला. चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने केलेला कागद आहे, असा सहजासहजी चिरत नाही. मी त्याची घडी एकदाच घातली होती. इतका चिरायला तो किती वेळा उघडला असेल, याचा अंदाज मला बांधता येतो, तो माझा धंदा आहे. मी बांधला नाही. नावाच्या ओळीखाली बोटाच्या रुंदीचा एक मळकट पट्टा पडला आहे, डावीकडून उजवीकडे, मोडी वाचताना ते ओळीखालून बोट फिरवतात तसा.

अस्तर लावण्याआधी कागद पाण्यातून काढायचा, असा आमच्या कामाचा नियम आहे. मळ निघून जातो, बोटांचे डाग जातात. तीस वर्षांत मी तो मोडलेला नाही. हा कागद मी धुतला नाही. तसाच टिश्यूवर घेतला, चिरा जुळवल्या, खळ लावली आणि वजनाखाली ठेवला आहे. परवा वाळेल.